काही झालंच नाही

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मध्यंतरी तिची जिवाभावाची मैत्रीण शाळा सोडून लांबच्या गावी राहायला गेली. त्या संध्याकाळी मुलगी पलंगावर पालथी पडून रडत होती. मी दारातूनच म्हणालो, "अगं, त्यात रडण्यासारखं काय आहे? फोन आहे, सुट्टीत भेटता येईल, आणि वर्गात बाकीच्या मुली आहेतच की." बोललो त्यातलं काहीच खोटं नव्हतं. आवाजही चढवला नव्हता. ती उठून बसली, बाहीनं डोळे पुसले आणि दप्तर जवळ ओढून वह्या लावायला लागली. "काय झालं गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही."

काळजात चर्र झालं. तो सूर माझ्या ओळखीचा होता. सपाट, दार अलगद लोटून घ्यावं तसा. नजर खाली आणि हातांना चटकन काहीतरी काम. माझं सगळं बालपण आणि त्यानंतरचं बरंचसं आयुष्य मी याच दोन शब्दांवर काढलं आहे. काय झालं? काही नाही. इतकी वर्षं मला वाटायचं की मनातलं झाकायला मारलेली ही थाप आहे. हल्ली वाटतं, ते अक्षरशः खरं होतं. काही झालंच नव्हतं. जे व्हायला हवं होतं ते झालं नव्हतं, आणि जे झालं नाही ते सांगायचं कसं?

आमच्या घरात कुणी मारकुटं नव्हतं. व्यसन नव्हतं, आरडाओरडा नव्हता. ओढाताण होती, पण उपाशी कुणी झोपलं नाही. वह्यांना कव्हरं वेळेवर चढायची, गणवेशाला इस्त्री असायची, फी कधी थकली नाही. ओळखीचे लोक आईला म्हणायचे, "तुमचा मुलगा किती शहाणा! घरात आहे की नाही ते कळतसुद्धा नाही." आई ते कौतुक म्हणून ऐकायची, मीही. एखाद्या मुलाबद्दल असं बोललं जावं यात केवढं दुःख आहे, हे समजायला मला पंचेचाळिशी गाठावी लागली.

ते समजलं तेही आडवाटेनं. वडील गेले तेव्हा मी सगळं नीट निभावलं. दवाखाना, कागदपत्रं, नातेवाइकांना फोन, आईची औषधं. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. "खंबीर आहे हो," असं लोक म्हणाले. त्यानंतर आठ महिन्यांनी त्यांच्याच कुठल्याशा कागदावर शिक्का घ्यायला एका कार्यालयात गेलो होतो. रांग मोठी होती. माझा नंबर आला तेव्हा खिडकीपलीकडच्या वयस्कर बाईंनी कागदाआधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दमलात का? बसा जरा, पाणी प्या." एवढंच. मी बाकावर जाऊन बसलो आणि मला रडू आवरेना. वडिलांच्या आठवणीनं रडलो, असं मी घरी सांगितलं. पण मला आतून माहीत होतं की गोष्ट तेवढीच नव्हती. एका अनोळखी माणसानं माझ्याकडे बघून 'दमलात का' असं विचारलं होतं, आणि त्या प्रश्नाची माझ्या अंगाला सवयच नव्हती.

बायकोच्या आग्रहाखातर समुपदेशकांकडे गेलो. तिसऱ्या-चौथ्या भेटीत त्या म्हणाल्या, "लहानपणी आईशी तुमचं नातं कसं होतं, ते पाच विशेषणांत सांगा." मी पटपट सांगितलं : प्रेमळ, कष्टाळू, नीटनेटकं, शिस्तीचं. पाचव्याला थोडा अडखळलो, मग म्हणालो, शांत. (त्यातली दोन-तीन विशेषणं नात्याची नव्हतीच, आईची होती, हे घरी आल्यावर लक्षात आलं.) "आता एकेका विशेषणाला एकेक प्रसंग सांगा. कष्टाळू?" कष्टांचे दहा प्रसंग सांगितले. शिस्तीचे पाच सांगितले. "प्रेमळ?"

मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही.

बऱ्याच वेळानं म्हणालो, मला ताप आला की ती दर चार तासांनी थर्मामीटर लावायची, आकडे वहीत लिहून ठेवायची, एकदाही चुकली नाही. "आणि तेव्हा तुमच्याशी काय बोलायची?" मला थर्मामीटरची काच आठवत होती. जिभेखालचा तिचा गारवा आठवत होता. वहीतले निळ्या शाईतले आकडे आठवत होते. आईचा चेहरा आठवत नव्हता, कारण ती पारा बघत असायची.

हा प्रश्न त्यांच्या मनचा नव्हता. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांसाठी एक लांबलचक मुलाखत तयार केली, त्यातला तो भाग आहे. त्या मुलाखतीत बालपण सुखाचं होतं की दुःखाचं, याला फारसं महत्त्व नाही. विशेषण आणि प्रसंग यांचा मेळ बसतो की नाही, हे बघितलं जातं. 'फार छान होतं' असं सांगणारा आणि त्याला आधार म्हणून एकही प्रसंग न आठवणारा माणूस त्या अभ्यासकांच्या चांगला परिचयाचा आहे. 'लहानपणचं विशेष आठवत नाही' हेही त्याचं ठरलेलं वाक्य. मी ते वाक्य आयुष्यभर माझी स्मरणशक्ती अधू आहे म्हणून वापरलं होतं. पण मला पाढे आठवतात, शाळेतल्या कविता आठवतात, शेजाऱ्यांच्या स्कूटरचा नंबर आठवतो. ज्या गोष्टी घडल्या त्या आठवतात.

आणि एक गोष्ट घडली होती, ती त्या दिवसानंतर हळूहळू वर आली.

मी नऊ वर्षांचा असताना आजी गेली. बाबांची आई. आमची दोघांची खोली एक होती. तिची खाट भिंतीला लागून आणि माझी गादी खाली, तिच्या हाताच्या अंतरावर. रात्री मला दचकायला व्हायचं, तेव्हा ती झोपेतच हात खाली सोडायची. मी तिचा अंगठा धरायचो. ती गेली त्या पहाटे मला उठवून एका नातेवाइकांकडे पाठवलं. तिकडे सहा दिवस होतो. परत आलो तर खोली धुऊनपुसून लख्ख, खिडकीला नवा पडदा, आणि खाट नाही. आईनं मला बघितलं आणि म्हणाली, "उद्यापासून शाळा आहे, दप्तर भर." बाबा कामावर गेलेले होते. त्या दिवशी, त्या आठवड्यात, त्या वर्षात माझ्याशी आजीबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. मीही विचारलं नाही.

खाटेच्या पायांनी फरशीवर चार पुसट खळगे केले होते, रुपयाएवढे. रात्री दिवा मालवला की मी गादीवरून सरकून त्यातल्या एका खळग्यात बोट ठेवायचो. ते गुळगुळीत आणि गार असायचं. आणि झोपताना कपाटातून दोन उशा काढायचो. एक माझी, एक शेजारी. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. सकाळी उठून शाळेच्या घाईत निघून जायचो. किती दिवस हे चाललं, सांगता येणार नाही. हळूहळू थांबलं. त्याच सुमारास माझे मार्क वाढले, आणि घरच्यांच्या दृष्टीनं मी आणखी शहाणा झालो.

हे लिहिताना 'दुर्लक्ष' हा शब्द मी तीनदा लिहून खोडला. आईवर आरोप केल्यासारखं वाटतं. आपल्या भाषेत 'आबाळ' हा फार चांगला शब्द आहे, पण आबाळ म्हटलं की डोळ्यांपुढे विस्कटलेले केस, मळके कपडे, रिकामं पोट येतं. भांग पाडलेल्या, बटणं लावलेल्या मुलाचीही आबाळ होऊ शकते, हे त्या शब्दात मावत नाही. दुसरा शब्द आहे 'विचारपूस'. पुसणं म्हणजे विचारणं, आणि पुसणं म्हणजे डोळे पुसणंही. एकाच शब्दात दोन्ही. ज्याला कुणी पुसलं नाही, त्याच्या बाबतीत दोन्ही राहून गेलेलं असतं. मला जे मिळालं नाही त्याला मी आता हेच म्हणतो. माझी विचारपूस झाली नाही.

जे घडलंच नाही ते मोजणंसुद्धा अवघड आहे. बालपणातल्या आघातांचा अंदाज घ्यायला अठ्ठावीस प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार यांबद्दलचे प्रश्न सरळ असतात : असं तुमच्या बाबतीत घडलं का? पण भावनिक दुर्लक्षाचे पाचही प्रश्न उलटे आहेत. घरात तुम्हाला आपलं मोल आहे असं वाटायला लावणारं कुणी होतं का, तुमच्यावर प्रेम आहे असं वाटायचं का, घरातली माणसं एकमेकांच्या जवळ होती का. सगळे प्रश्न चांगल्याबद्दलचे, आणि जितकी 'नाही' उत्तरं येतील तितका आकडा वाढत जातो. मी ते प्रश्न पहिल्यांदा वाचले तेव्हा पेन हातात धरून बसून राहिलो. मारहाणीच्या पानावर मी न थबकता खुणा केल्या होत्या. इथे प्रत्येक ओळीशी मला माझ्या घराची बाजू घ्यावीशी वाटत होती.

अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांनी केलेल्या प्रसिद्ध अभ्यासाचं पहिलं निवेदन १९९८ साली आलं. बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांचा मोठेपणीच्या हृदयविकाराशी, व्यसनांशी, नैराश्याशी संबंध त्यांनी दाखवला. एकूण सतरा हजारांहून जास्त माणसांची माहिती त्यात गोळा झाली. पण त्या पहिल्या निवेदनातल्या अनुभवांच्या यादीत दुर्लक्ष नव्हतं, ते पुढच्या फेरीत आलं. हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. शोधायला बसलेल्यांनाही जे आधी दिसलं नाही, ते माझ्या आईला कुठून दिसणार होतं.

मात्र मला सगळ्यात जास्त हलवलं ते लहान बाळांच्या एका प्रयोगानं. मेरी एन्सवर्थ यांनी रचलेला हा प्रयोग जेमतेम वीस मिनिटांचा. वर्ष-दीड वर्षाचं मूल आणि आई एका अनोळखी खोलीत असतात. आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते. बहुतेक मुलं रडतात, आई आली की तिला बिलगतात, शांत होतात आणि पुन्हा खेळायला लागतात. काही मुलं मात्र रडतच नाहीत. आई आली तरी मान वळवून खेळण्याकडे बघत राहतात. कुणालाही वाटावं, काय शहाणं बाळ आहे! १९७७ साली अॅलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजून काय दिसलं ते मांडलं. खेळण्याकडे बघणाऱ्या त्या शांत मुलांचे ठोके वाढलेलेच होते. आई परत आल्यावरही बराच वेळ ते खाली आले नव्हते. रडणाऱ्या मुलाचं दुःख रडून संपलं होतं. न रडणाऱ्याचं आत तसंच चालू होतं, फक्त त्यानं ते कुणाला दाखवायचं बंद केलं होतं. दाखवून कुणी येत नाही हे ते एवढ्यात शिकलं होतं.

मी हे वाचलं आणि नकळत छातीवर हात ठेवला. चाळिशीत मला छातीत दाटून यायचं, रात्री जबडा इतका आवळला जायचा की सकाळी दात दुखायचे. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टरांनी विचारलं, "काही टेन्शन?" मी मनापासून म्हणालो, "काही नाही."

माझ्या बायकोनं यात बरंच सोसलं आहे, ते इथे सांगायला हवं. तिनं "तुला काय वाटतंय?" असं विचारलं की मी काय करायला हवं ते सांगायचो. ती म्हणायची, "मी उपाय विचारला नाही, तुला काय वाटतंय ते विचारलं." आणि मला खरोखर फरक कळायचा नाही. आत डोकावलं की एक धूसर, जड असं काहीतरी असायचं. ते राग आहे, भीती आहे की नुसती भूक आहे, हे ओळखायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. कारण हे शिकवावं लागतं. मूल पडतं, कुणीतरी म्हणतं, 'घाबरलास ना रे', आणि मुलाला कळतं की पोटात आत्ता जे झालं त्याला घाबरणं म्हणतात. असं हजारदा घडलं की मोठेपणी शब्द सापडतात. पीटर सिफ्निऑस या मनोविकारतज्ज्ञांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला या अवस्थेला ग्रीक शब्दांवरून 'अॅलेक्सिथायमिया' असं नाव दिलं. भावनांसाठी शब्द नसणं. त्याची कारणं अनेक असू शकतात आणि मला तो शिक्का स्वतःवर मारून घ्यायचा नाही. पण शब्द नसल्यावर जोडीदार किती एकटा पडतो, ते मी घरात बघितलं आहे. मला आजारपणात कुणी उशाशी बसलेलं सहन व्हायचं नाही. मदत मागायची वेळ आली की मी ते काम रद्दच करायचो. कुणी कौतुक केलं की त्याचं काय काम असेल, ते आधी शोधायचो. इतरांच्या अडचणीला मात्र मी अर्ध्या रात्री धावायचो, आणि लोक मला आधार म्हणायचे. त्या शब्दानं मला बरं वाटायचं. खांबाला कुणी 'कसा आहेस' विचारत नाही, हे तेव्हा मनात आलं नाही.

"त्यांनी केलं तेवढं पुष्कळ केलं, आता या वयात काय उगाळत बसायचं," असं मला जवळच्या माणसांनी सांगितलं आहे. त्यांनी पुष्कळ केलं, हे मी मान्य करतो आणि रोज आठवतो. पण कृतज्ञता ही काही पावती नव्हे, जी दिली की उरलेला हिशेब मिटला. आईनं माझ्यासाठी हाडाची काडं केली हे खरं, आणि मी नऊ वर्षांचा असताना त्या खोलीत एकटा होतो हेही खरं. या दोन वाक्यांतलं एक खोडल्याशिवाय दुसरं लिहिता येत नाही, असं मला फार वर्षं वाटत होतं. आईवडिलांना दोषी धरल्यानं मला काही मिळालं नाही. त्यांना घाईघाईनं माफ करूनही काही मिळालं नव्हतं. काय राहून गेलं, ते नावानिशी म्हणता आलं, तेव्हा कुठे छातीवरचं ओझं जरासं हललं.

त्या संध्याकाळी मी मुलीच्या दारातून बाहेर आलो आणि स्वयंपाकघरात उभा राहिलो. वीसेक मिनिटं गेली असतील. एडवर्ड ट्रॉनिक यांचा प्रयोग मला माहीत होता. त्यात बाळाशी हसतखेळत असलेली आई एकाएकी चेहरा निर्विकार करते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवून गळून जातं. हे दृश्य बघवत नाही. पण ट्रॉनिक यांनी आणखी एक गोष्ट दाखवली आहे, ती मी घट्ट धरून ठेवली आहे. चांगल्या, निरोगी नात्यातसुद्धा आई आणि बाळ यांचे सूर जेमतेम ३० टक्के वेळ जुळलेले असतात. उरलेला वेळ चुकामूकच असते. ती चुकामूक झाली की कुणी परत येतं का, यावर सगळं अवलंबून असतं.

मी परत गेलो. या वेळी दारात थांबलो नाही, पलंगाच्या कडेला बसलो. "मघाशी मी चुकीचं बोललो," मी म्हणालो. "ती गेली याचं तुला फार वाईट वाटतंय ना?" तिनं माझ्याकडे बघितलं नाही. वहीच्या कोपऱ्याला घडी घालत राहिली. मला पुढे काय बोलायचं ते येत नव्हतं आणि माझे हात उगाच दप्तराच्या बंदाशी चाळा करायला लागले होते. ते मी आवरले. खूप वेळानं ती म्हणाली, "बाबा, डबा खायच्या सुट्टीत मी कुणाजवळ बसू?" आणि मग ती अशी रडली, की माझा शर्ट खांद्यापाशी भिजला. मी उपाय सांगितला नाही. तोंडाशी दोन-तीन आले होते.

आई आता आमच्याकडेच असते. परवा दुपारी ती पलंगावर वाळलेले कपडे घेऊन घड्या घालत बसली होती. मी समोर बसलो आणि विचारलं, "आई, आजीची खाट कुठे गेली गं?"

"कुठली खाट?" ती म्हणाली. पण हात क्षणभर थांबला होता. "देऊन टाकली. तुझ्या बाबांना बघवेना ती. खोलीत पाऊल टाकायचे नाहीत."

"मला कुणी काही सांगितलं नाही."

"तू कधी विचारलंच नाहीस. मला वाटलं, लहान आहे, विसरला." तिनं एक टॉवेल दोनदा उलगडून पुन्हा घडी घातला. "रात्री दोन उशा मात्र घ्यायचास. सकाळी तू शाळेत गेलास की त्यातली एक मी उचलून कपाटात ठेवायचे."

"तुला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं."

बाहेर कुणाचा तरी दरवाजा वाजला. मी विचारलं, "मग तेव्हा तुला काय वाटायचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू हा प्रश्न मी भलत्याच कुणाला विचारला होता. मग तिनं ढिगातली चादर ओढली.

"काही नाही," ती म्हणाली.

चादर मोठी होती, एकटीला आवरेना. मी दुसरं टोक धरलं आणि तिथेच बसून राहिलो.